मोटार का जळली, ते आधी बघ

तासगाव,
रविवार

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले टेबल फॅनच्या वायंडिंगचे (मोटारीत भरलेल्या तारेचे) फोटो मी आणि आईने मोठे करकरून पाहिले. कॉइल एकसारख्या बसल्यात, इन्सुलेशनचा कागद स्लॉटच्या, म्हणजे तार बसते त्या खाचेच्या, दोन्ही बाजूंना पुरेसा बाहेर आहे, सांध्यांवर स्लीव्ह आहे. समोर बसून शिकवणारं कुणी नसताना, कॉलेज सांभाळून, होस्टेलच्या खोलीत मोबाइल उभा करून तू हे केलंस. फार बरं वाटलं बाळा. आता तू दोन गोष्टी विचारल्यास. सुट्टीत आपल्या वायंडिंगच्या दुकानात सबमर्सिबल, म्हणजे बोअरच्या पाण्यात बुडून चालणारी मोटार, शिकायला येऊ का, आणि येण्याआधी कुठले व्हिडिओ बघून ठेवू. पहिल्याचं उत्तर, ये. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून फोन न करता लिहायला बसलो.

आधी एक सांगतो. काही जण म्हणतील, व्हिडिओ बघून कुठे काम येतं का. त्यांचं मनावर घेऊ नकोस. मी आयटीआय करून उमेदवारीला लागलो तेव्हा उस्तादांची डायरी टेबलाच्या कुलूपबंद खणात असायची. कुठल्या मोटारीला किती टर्न (वेढे), किती गेजची (जाडीची) तार, किती पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधलं अंतर), सगळं त्या डायरीत. आम्ही पोरांनी जळकी तार तोडायची, स्टेटर (मोटारीचा न फिरणारा भाग) घासायचा, चहा आणायचा. कनेक्शनची वेळ आली की उस्ताद आमच्याकडे पाठ करून बसायचे. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांचं घर त्या डायरीवर चालत होतं. पण हुशार हातांची कितीतरी पोरं त्या कुलपापाशी थांबली आणि दुसऱ्या कामाला निघून गेली. आज कोईमतूरचा, राजकोटचा, सीमेपलीकडच्या पंजाबातला कारागीर टेबलावर मोबाइल लावून पहिल्या स्लॉटपासून शेवटच्या गाठीपर्यंत सगळं दाखवतो, एक पैसा न घेता. कोईमतूरवाल्यांची तमिळ मला कळत नाही, पण हात काय करतायत ते कळतं. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि हे गावागावांत पोचलं. आपल्या धंद्यात याच्याइतकी चांगली गोष्ट मी पाहिली नाही.

आता मुद्द्याचं. व्हिडिओ सुरू होतो तेव्हा मोटार टेबलावर उघडून ठेवलेली असते, आणि संपतो तेव्हा ती फिरत असते. आपल्या दुकानात काम त्याच्या बरंच आधी सुरू होतं. शेतकरी गाडीतून मोटार उतरवतो, तेव्हाच ती का जळली ते शोधायला लागायचं. ते न शोधता नवी तार भरली, तर तीच मोटार थोड्या दिवसांत परत दारात येते. बोअरमधून मोटार वर काढायची म्हणजे चेन-पुली, चार माणसं आणि अख्खा दिवस. द्राक्षाची एप्रिल छाटणी झालेली असते, वेलींना पाणी हवं असतं, आणि माणूस दुसऱ्यांदा तोच खर्च करत असतो. म्हणून मी जळकं वायंडिंग कधीच घाईने तोडू देत नाही. ते वाचायचं असतं.

स्टार कनेक्शनच्या, म्हणजे तिन्ही फेजचं एकेक टोक एकत्र बांधलेल्या, थ्री फेज मोटारीत दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसरीच्या ताज्या, लाल-पिवळ्या दिसल्या, तर एक फेज गेलेली असताना मोटार चालत राहिली असं समज. डेल्टात, म्हणजे टोकाला टोक जोडून त्रिकोण केलेल्या मोटारीत, उलटं दिसतं: एक फेज काळी, दोन ताज्या. सगळ्याच कॉइल सारख्या करपल्या असतील तर जास्त लोड, कमी व्होल्टेज किंवा थंडावा न मिळणं, यातलं काहीतरी. एकाच स्लॉटपाशी तार फुटली असेल आणि बाकी सगळं चांगलं असेल, तर कागद फाटलाय किंवा टर्न आपसात चिकटलेत. हे चार नमुने डोक्यात पक्के बसव. या विषयाचेही व्हिडिओ आहेत, लोक ते कमी बघतात. मोटार फिरल्याशिवाय त्यांना मजा येत नाही. तू आधी तेच शोधून बघ.

नमुना कळला की शेतकऱ्याशी बोलायचं. डीपीवरचा फ्यूज उडाला होता का? स्टार्टरला ऑटो लावलाय का? शेतीला थ्री फेज ठरावीक तासच येते, त्यात रात्रपाळीची वीज आली की ऑटो मोटार आपोआप चालू करतो, आणि त्या वेळी एक फेज नसेल तर घरी झोपलेल्या माणसाला पत्ता नसतो. एक फेज गेली की मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर आहे का, की कटकट नको म्हणून कुणी बायपास केलाय? दोन फेजवर मोटार ओढायला कंडेन्सर लावलाय का? पाणी किती खाली गेलंय, वाळू येते का, केबल किती लांब आणि कुठल्या गेजची, मधे जोड कुठे मारलाय? सबमर्सिबल मोटार अंगावरून वाहणाऱ्या पाण्याने थंड होते, पाणी तुटलं की ती तापणारच. हे प्रश्न आदराने विचारायचे. माणूस आधीच वैतागलेला असतो, त्याला उलटतपासणी वाटता कामा नये. तुला हे जमेल, तू लहानपणापासून गिऱ्हाइकांशी गोड बोलतेस.

आता व्हिडिओ कसे बघायचे ते. एकाच कामाचे तीन वेगळ्या कारागिरांचे व्हिडिओ बघ आणि ते कुठे वेगळं करतात ते वहीत लिही. जिथे तिघे एक करतात तो नियम, जिथे फरक आहे तिथे कारण शोधायचं, नाही सापडलं तर मला विचार. व्हिडिओ थांबवून पुढचं पाऊल आधी स्वतः काढायचं, मग पुढे चालवायचा. उदाहरणार्थ ३६ स्लॉट, ४ पोल (चुंबकाचे ध्रुव). एका पोलला ९ स्लॉट, त्यात प्रत्येक फेजचे ३. पहिल्या फेजची सुरुवात पहिल्या स्लॉटमधून केलीस तर दुसरीची सातव्यातून आणि तिसरीची तेराव्यातून. का, ते कागदावर काढ. एवढं एकदा स्वतः काढलंस की २४ स्लॉट, २ पोलचं गणित कुणी न सांगता येईल. भारत स्किल्स या सरकारी पोर्टलवर आयटीआयच्या ट्रेडचं साहित्य फुकट आहे, इलेक्ट्रिशियनच्या पुस्तकात वायंडिंगचा भाग आहे. तो शेजारी उघडा ठेव.

व्हिडिओ कुठल्या देशातला आहे हे सगळ्यात आधी बघ. यात जिवाचा प्रश्न आहे. अमेरिकेत घरातल्या वायरिंगची काळी वायर जिवंत असते आणि पांढरी न्यूट्रल. आपल्याकडे काळी न्यूट्रल. युरोपात निळी न्यूट्रल, आपल्याकडे निळी ही थ्री फेजमधली एक फेज. तिथलं बघून इथे हात घातला तर काय होईल ते तुला सांगायला नको. शिवाय अमेरिकेत ६० हर्ट्झ, त्यामुळे ४ पोलचा वेग मिनिटाला १८०० फेऱ्यांच्या हिशोबाने सांगतात, आपला १५०० च्या हिशोबाने, आणि प्रत्यक्षात मोटार १४४० च्या आसपास फिरते. पाकिस्तानातलं व्होल्टेज आणि हर्ट्झ आपल्यासारखंच, म्हणून तिथल्या वायंडिंगवाल्यांचे आकडे आपल्याला जुळतात. आणि रंग कुठलाही असो, मीटर लावल्याशिवाय वायरीला बोट लावायचं नाही. इथेही कुणीतरी हाताला आली ती वायर ओढलेली असते.

पुष्कळ व्हिडिओंत कंडेन्सरच्या दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडतात. तसं करू नकोस. बल्ब जोडून चार्ज उतरव, मग मीटरने बघ. स्टेटर उघड्या जाळावर टाकून जुनी तार काढताना दाखवतात, तेही आपल्या दुकानात चालत नाही. जास्त तापलं की स्टॅम्पिंगच्या, म्हणजे स्टेटरमधल्या रचलेल्या पातळ पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं. मोटार फिरते, पैसे मिळतात, पण नंतर ती आयुष्यभर जास्त तापते आणि जास्त वीज खाते, आणि ते बिल शेतकरी भरतो. मला हे अप्रामाणिक वाटतं. होस्टेलच्या मैत्रिणींनी खोलीतलं वायरिंग करून मागितलं तर नाही म्हण. त्याला परवाना लागतो. टेबलावरचा पंखा वेगळा आणि भिंतीतली लाइन वेगळी.

सबमर्सिबलचं काम टेबल फॅनपेक्षा निराळं आहे. पाण्याने भरणाऱ्या मोटारीला प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार लागते, वार्निश नाही. स्लॉटमधून ओढताना ते आवरण एका जागी जरी खरवडलं तरी पाण्यात गेल्यावर मोटार अर्थ होते, म्हणजे करंट बॉडीत उतरतो. म्हणून भरलेला स्टेटर पाण्यात बुडवून ठेवून मग ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, बघायचा. तार किती ताणायची आणि कुठे सोडायची हे मात्र व्हिडिओतून कळणार नाही, ते बोटांना कळावं लागतं. त्यासाठी माझ्याकडे नको, आईकडे बस. इतकी वर्षं फर्म्यावर (साच्यावर) कॉइल तीच गुंडाळते, आणि तिच्या हातची कॉइल स्लॉटमध्ये अशी बसते की मला ठोकावी लागत नाही. परवा मी तिला म्हटलं, सायलीला शिकव. तर म्हणाली, मला बोलून सांगता येत नाही, तिला म्हणावं माझ्या हातावर हात ठेव.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. खेड्यातल्या मुलांनी हाताने काम करत विज्ञान शिकावं, ही त्यांची धारणा. पुण्याहून एखाद्या रविवारी जाता आलं तर विचारून जाऊन ये. वेल्डिंग, वीज, शेती सगळं एकाच मुलाच्या हाताखालून जातं तेव्हा काय होतं ते तुला दिसेल.

तुझी आत्या विचारत होती, बी.कॉम. झाल्यावर मुलगी हात काळे करणार का. मी सांगितलं, हिशोबही ठेवेल आणि वायंडिंगही करेल, दुकान तिचंच आहे. पण हे तू माझ्यासाठी करू नकोस. बँकेची परीक्षा द्यायची असेल तर दे, मला तेवढाच आनंद होईल.

माझ्या डायरीच्या पानांचे फोटो काढायला मी सुरुवात केलीये. आल्यावर ती नीट उतरवून घे. मग आपण दोघं मिळून मराठीत व्हिडिओ करू, जळक्या मोटारी वाचायचे. तू बोल, मी दाखवतो. कुणाची डायरी कुलपात राहू नये असं मला मनापासून वाटतं.

तुझ्यासाठी ५ एचपीचा एक जळका स्टेटर न तोडता बाजूला ठेवलाय. काय पाहिलं ते मी सांगणार नाही. तू आधी बघ, कारण लिही, टर्न-गेज-पिचचा डेटा काढ, मग तार तोडू. तुझी मोटार बोअरमध्ये उतरली की करंट मोजायचा क्लॅम्प मीटर घेऊन मी तुझ्याबरोबर येईन. तिन्ही फेजचे अँपिअर एकमेकांच्या जवळ दिसले की पैसे घ्यायचे, त्याआधी नाही.

येताना पुण्याच्या तपकीर गल्लीतून तारेची जाडी मोजायचा एक चांगला स्क्रू गेज आण, आपल्याकडचा झिजलाय. पैसे पाठवतो. गाडीचं तिकीट आधी काढून ठेव.

तुझे,
आप्पा