रातपाळीच्या कामगाराची झोप घराने राखावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

यंत्रमाग कामगाराच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की घरच्यांना सांगितले जाते, "त्याला समजून घ्या, धीर द्या." सांगणे चुकीचे नाही. पण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका खोलीत चार-पाच माणसांचा संसार ओढणाऱ्या बाईने उद्या सकाळी उठून नेमके काय करायचे, ते त्यातून कळत नाही. म्हणून हे पत्र.

आधी झोप पाहावी. आठवड्याला पाळी बदलते, शरीराचे घड्याळ मात्र इतक्या लवकर फिरत नाही. बारा तास मागावर उभा राहून सकाळी आठला घरी आलेला माणूस पत्र्याखाली आडवा होतो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा बेचाळिशीकडे निघालेला असतो. त्यातच नेमका नळाला पाणी येण्याचा दिवस असला की हंडे-बादल्यांच्या आवाजाने अकरालाच त्याचा डोळा उघडतो. असे महिनोन्महिने चालले की माणूस चिडतो, विसरतो, त्याचे जेवणावरचे मन उडते. घरचे म्हणतात, स्वभाव बिघडला. बिघडलेली असते ती झोप, आणि पुढे त्यातूनच नैराश्य बळावते.

उपाय घरातले आहेत. खिडकीला जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून बांधावी, म्हणजे अंधार होतो. दुपारी पत्र्यावर ओले गोणपाट टाकावे. त्याचा फोन दुसऱ्याने सांभाळावा. पाण्याच्या दिवशी त्याला शेजारी किंवा भावाकडे झोपायला पाठवावे; यात कमीपणा काही नाही. चहाचा असर पाच-सहा तास राहतो, म्हणून रातपाळीतला शेवटचा चहा रात्री दोनच्या आत. सकाळी सलग पाच तास झोप आणि पाळीला जाण्याआधी दीड तास, अशी दोन तुकड्यांत झाली तरी चालते. भाडे, उसनवारी, मुलांच्या तक्रारी हे विषय तो उठून जेवल्यावर काढावेत. दारातून आत पाऊल टाकताच नकोत.

एक गोष्ट फार घरांतून निसटते. मागाच्या शेडमध्ये आवाज बऱ्याचदा 90 डेसिबलच्या वर असतो. वर्षानुवर्षे त्यात काम करून ऐकू कमी येते, तेही हळूहळू. बायको मागून हाक मारते, तो ओ देत नाही. टीव्ही मोठा लावतो. बोलणे अर्धेच कळल्याने घरात गप्प बसू लागतो. याला हट्टीपणा ठरवण्याआधी कान तपासून घ्या. त्याच्याशी समोर येऊन, तोंड दिसेल असे बोला.

दोन आठवडे दिवसभर उदास, कशात रस नाही, कारण सापडत नाही असे अंग दुखणे, पूर्वी कधी नव्हते ते खाडे: एवढे दिसले की थांबू नये. सिव्हिलच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या, मानसोपचार विभागात न्यावे. जाताना चिठ्ठीवर लिहून न्यावे: त्रास कधीपासून, झोप किती तास, दारू-तंबाखू किती, बीपी-शुगरच्या गोळ्या कोणत्या. आधी त्याला एकट्याने डॉक्टरांशी बोलू द्यावे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळही होऊ शकते. "फरक नाही" म्हणून आठव्या दिवशी आणि "आता बरा आहे" म्हणून दुसऱ्या महिन्यात गोळ्या बंद केल्या जातात. आजार उलटतो तो इथेच.

तो मरणाची भाषा करत असेल, तर "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मन मोकळे होते. त्याला एकटे सोडू नका आणि 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन लावा. सेवा मोफत आणि चोवीस तास आहे. मराठी, तेलुगू, कन्नड या तिन्ही भाषांत बोलता येते, ही सोलापूरकरांसाठी मोठी सोय आहे.

दारूच्या बाबतीत कळकळीची विनंती. रोज भरपूर पिणाऱ्याला कोंडून एका दिवसात दारू तोडू नका. पहिल्या दिवसातच हात थरथरतात, दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या दिवशी नसलेली माणसे दिसू लागतात. ही बाहेरची बाधा नव्हे; यात जीव जातो, तेव्हा थेट दवाखाना गाठावा. जेवणात गुपचूप पूड किंवा गोळ्या मिसळणे तितकेच घातक. दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिरम हे औषध पोटात असताना दारू प्यायली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हे औषध रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

आणि हे सगळे करायचे कोणी? बहुतेक वेळा त्याच बाईने, जी दिवसभर मान खाली घालून हजार विड्या वळते. तिची झोप, तिची पाठ, तिचे रडू हाही कामगाराच्याच आरोग्याचा प्रश्न आहे. रातपाळीच्या आठवड्यात पाणी भरणे आणि मुलांची शाळा थोरल्या मुलाने, दिराने वाटून घ्यावी.

कारखानदारांकडे दोनच मागण्या आहेत. पाळ्यांचा तक्ता किमान पंधरा दिवस आधी लावावा, म्हणजे घराला तयारी करता येईल. आणि शेडच्या दारावर 14416 हा क्रमांक तिन्ही भाषांत ठळक रंगवावा.

कामगार आरोग्याच्या कामातील वाचक, सोलापूर