१७,६७० रुपयांचा अंश आणि छेद जाहीर करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शिक्षणहक्क कायद्याखालच्या २५ टक्के प्रवेशांची सोडत जवळ आली की दोन बातम्या ठरलेल्या असतात. जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त आले, ही एक. सरकारकडचा थकीत परतावा, म्हणजे या मुलांच्या फीची भरपाई, मिळेपर्यंत प्रवेश देणार नाही, हा संस्थाचालकांचा इशारा ही दुसरी. मग सोडत निघते, एखादा हप्ता सुटतो, इशारा विरतो आणि पुढच्या वर्षी सगळे पहिल्यापासून सुरू होते. परतावा किती थकला यावर भरपूर बोलले जाते. एका मुलामागे तो किती द्यायचा हे ठरते कसे, यावर जवळपास कोणीच बोलत नाही.

कायदा याबाबत मोघम नाही. कलम १२(१)(सी) नुसार विनाअनुदानित खासगी शाळेने प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांना द्यायच्या आणि प्राथमिक शिक्षण (आठवीपर्यंतचे) पूर्ण होईपर्यंत त्यांना मोफत शिकवायचे. त्याबदल्यात कलम १२(२) प्रमाणे सरकारने शाळेला रक्कम द्यायची. सरकारचा स्वतःचा दरडोई खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी जी कमी असेल ती. दरडोई खर्चाचे सूत्र केंद्राने २०१० साली घालून दिलेल्या आदर्श नियमांत आहे. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांवरचा वर्षाचा एकूण आवर्ती खर्च वर, त्या शाळांतला एकूण पट खाली. अनुदानित शाळांचा खर्च आणि पट दोन्ही बाजूला ठेवायचे. चौथीतल्या मुलाला जमेल असा हा भागाकार आहे.

आपल्याकडे महाराष्ट्रात कोविडच्या आधीपासून या भागाकाराचे उत्तर १७,६७० रुपये आहे. कोविडच्या २०२०-२१ या वर्षी ते ८,००० वर आणले गेले, नंतर पुन्हा १७,६७० झाले आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिले. त्या काळात महागाई भत्ता किती वेळा वाढला ते कोणताही शिक्षक सांगेल. खर्च वाढत होता आणि जिल्हा परिषद शाळांचा पट बहुतेक ठिकाणी घटत होता. वरचा आकडा वाढला, खालचा कमी झाला, तर उत्तर तेच कसे राहील?

एका शाळेपुरते मांडून पाहू. कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. शिक्षकाचा पगार सरासरी ६० हजार धरा (हे गृहीतक आहे, जिल्ह्यागणिक कमीजास्त होईल). दोघांचे वर्षाचे १४ लाख ४० हजार. पट पूर्ण ६० असेल तर एका मुलामागे केवळ पगाराचे २४ हजार. पट ३० वर आला की ४८ हजार, २० वर आला की ७२ हजार. वीज, दुरुस्ती, पुस्तके, गणवेश यातले काहीच अजून धरलेले नाही. मोठ्या पटाच्या शाळा ही सरासरी खाली ओढतात हे मान्य. पण किती खाली ओढतात, ते अंश आणि छेद समोर ठेवल्याशिवाय कळणार कसे? शाळेला आणि पालकाला दिसते ते फक्त उत्तर.

दर गोठवून ठेवण्यामागचे कारण उघड आहे. राज्यात या योजनेखाली दरवर्षी साधारण एक लाख जागा असतात. त्यांतल्या तीन चतुर्थांश भरल्या असे समजले तर आठ इयत्ता मिळून सहा लाख मुले होतात. दर हजार रुपयांनी वाढला की तिजोरीवर साठ कोटींचा बोजा. खरा दर पाच-सात हजारांनी जास्त निघाला तर काय, या भीतीने फाईल कोणी उघडत नसावे.

आता शाळांच्या बाजूने पाहू. ‘खासगी शाळा’ म्हटले की वातानुकूलित बस आणि घोडेस्वारी डोळ्यांसमोर येते. या योजनेतल्या कितीतरी शाळा तशा नाहीत. तालुक्याच्या गावात दोन मजले भाड्याने घेऊन चालवलेल्या, वर्षाला बारा-पंधरा हजार फी घेणाऱ्या त्या शाळा आहेत. ज्या शाळेची फी ६० हजार आहे, तिला १७,६७० मिळतात, बाकीचे तिने सोसायचे. म्हणजे तिचे दुखणे दराचे आहे. ज्या शाळेची फी १५ हजार आहे, तिला कायद्याने पूर्ण १५ हजार मिळायला हवेत, दराशी तिला काही देणेघेणे नाही. तिचे दुखणे उशिराचे आहे. संघटना या दोघींच्या वतीने एकच निवेदन देतात आणि सरकार दोघींना एकच उत्तर देते. इथेच घोळ होतो.

छोट्या शाळेचे गणित असे. एका वर्गात ४० मुले, त्यांतली १० या योजनेतली. पहिली ते आठवी मिळून पट ३२०, त्यांत ८० मुले मोफत. फी १५ हजार. फी भरणाऱ्या २४० मुलांचे ३६ लाख येतात, सरकारकडून १२ लाख यायचे असतात. दोन वर्षे थकली की २४ लाख, म्हणजे शाळेच्या वर्षभराच्या उत्पन्नाचा निम्मा भाग. अशी शाळा आधी शिक्षकांचे पगार लांबवते. नंतर ‘उपक्रम शुल्क’, स्नेहसंमेलन, ओळखपत्र, संगणक अशा नावांनी त्याच मोफत मुलांच्या पालकांकडून पैसे काढते. हे बेकायदा आहे आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही. आदर्श नियमांत तर या मुलांना पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेशही मोफत म्हटले आहेत. तो खर्च परताव्यात धरला आहे की नाही, यावर शाळा आणि कार्यालय एकमेकांकडे बोट दाखवतात आणि जून महिन्यात दुकानाच्या रांगेत पालक उभा असतो.

परताव्याचा प्रस्ताव अडतो कुठे, तेही सांगायला हवे, कारण सगळा दोष मंत्रालयाच्या माथी मारणे सोयीचे असले तरी खरे नाही. शाळा माहिती भरते, गटशिक्षणाधिकारी (शहरात महापालिकेची यंत्रणा) पडताळतात, तिथून शिक्षणाधिकारी (प्राथमिक), मग संचालनालय. पडताळणीत सापडणाऱ्या चुका त्याच त्या असतात. मुलाचे नाव आधारवर एक, जनरल रजिस्टरला दुसरे. मूल मध्येच शाळा सोडून गेले, पण ऑनलाइन पटावरून काढले नाही, त्यामुळे ते दोन शाळांत दिसते. शाळेची नमुना २ मधली (याच कायद्याखालची) मान्यता तीन वर्षांची असते, ती संपली आणि नूतनीकरणाचा प्रस्ताव कुठेतरी पडून आहे. बँक खाते शाळेच्या नव्हे, संस्थेच्या नावावर. आणि सगळ्यात किचकट म्हणजे फीचा पुरावा नाही. शुल्क नियमन कायद्यानुसार फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवून मंजूर व्हायला हवी. ते इतिवृत्त नसेल तर ‘जी कमी असेल ती’ यातली एक बाजूच कोरी राहते. मग अधिकारी प्रस्ताव परत पाठवतो, शाळा दोन महिन्यांनी उत्तर देते, तोवर आर्थिक वर्ष संपते आणि आलेला निधी परत जातो. एका मुलाच्या आधारमधल्या वेलांटीपायी ऐंशी मुलांचे पैसे अडकतात.

यावर उपाय अवघड नाही. यू-डायसवर (शाळांच्या माहितीच्या सरकारी प्रणालीवर) नोंदलेल्या पटावरून निम्मी रक्कम पहिल्या सत्रातच शाळेच्या खात्यात जमा करावी, कागद नंतर तपासावेत आणि तफावत दुसऱ्या हप्त्यातून वळती करून घ्यावी. वादातली मुले बाजूला ठेवून बाकीच्यांचे पैसे सोडावेत. ज्या पोर्टलवर निवड यादी आणि प्रतीक्षा यादी लागते, तिथेच प्रत्येक शाळेपुढे चार रकाने असावेत: मुले किती, मागणी किती, दिले किती, अडले असेल तर कशामुळे. खोटी थकबाकी सांगणारी शाळाही त्यातून उघडी पडेल. सरकारकडून सवलतीत जमीन घेतलेल्या आणि त्या बदल्यात काही मुलांना मोफत शिकवणे आधीच बंधनकारक असलेल्या शाळांना तेवढ्या मुलांचा परतावा मिळत नाही, असे कलम १२(२) च्या परंतुकात आहे. अशा शाळा कोणत्या, तेही याच तक्त्यात दिसावे. या परंतुकाची आठवण ना संस्थाचालक काढतात, ना अधिकारी.

पैसे द्यायचे टाळण्यासाठी सरकारने वेगळी वाट एकदा चोखाळून पाहिली. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने नियम बदलले आणि ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांतून मोकळे केले. वरवर युक्तिवाद बिनतोड वाटतो. आपलीच शाळा शेजारी असताना दुसऱ्याला पैसे का द्यायचे? पण पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असणे हे याच कायद्याच्या कलम ६ ने आणि त्याखालच्या नियमांनी सरकारवर टाकलेले कर्तव्य आहे. कलम ६ पाळावे तसतसे कलम १२ संपत जावे, असा अर्थ संसदेने काढलेला नव्हता. कर्नाटकाने असाच नियम आधी केला होता, त्याचीच ही नक्कल. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी या बदलाला स्थगिती दिली, १९ जुलैला तो रद्दच केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. नियमाने मूळ कायदा बदलता येत नाही, एवढे साधे तत्त्व. त्या घोळात प्रवेशाचे ते वर्ष मात्र लांबले, शाळा सुरू झाल्या तरी सोडतीतली मुले घरी.

‘केंद्राकडून पैसे येत नाहीत’ हे कारणही पुढे केले जाते. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या योजनेचा तामिळनाडूचा निधी केंद्राने रोखला आणि २०२५ मध्ये तिथले २५ टक्के प्रवेश रखडले. तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने दोन्ही सरकारांना सुनावले. या प्रवेशांचा पैसा केंद्राने इतर वादांपासून वेगळा ठेवावा आणि राज्यानेही केंद्राकडे बोट दाखवून आपली जबाबदारी टाळू नये.

आता एक अडचणीची गोष्ट. ज्या परिसरातून दहा मुले खासगी शाळेत जातात, तिथल्या जिल्हा परिषद शाळेचा पट दहाने घटतो. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, शिक्षक अतिरिक्त ठरतो, सहावी ते आठवीचे वर्ग धोक्यात येतात. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निकषांनंतर ही धास्ती वाढली आहे. सरकार एकाच मुलामागे दोनदा खर्च करते, इकडे परतावा आणि तिकडे रिकाम्या वर्गाचा पगार, हे म्हणणे अगदीच चूक नाही. या टीकेत तथ्य आहे आणि योजनेचे समर्थक ती ऐकून घेत नाहीत. पण संचमान्यता हा सरकारचाच शासन निर्णय आहे. २५ टक्क्यांत गेलेली मुले त्या गावाच्या पटात धरून निदान शिक्षकसंख्या राखता येईल. त्यासाठी कायदा बदलायला नको, एक परिपत्रक पुरेल. शिवाय खरा दरडोई खर्च जाहीर झाला, तर जिल्हा परिषद शाळेवर आपण किती खर्च करतो आणि त्यातून काय मिळते, हा प्रश्नही विचारता येईल. तो आकडा झाकून ठेवण्यामागे हेही कारण असेल का, अशी शंका येते.

अल्पसंख्याक शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने या कायद्यातून पूर्ण वगळले. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन सदस्यीय खंडपीठाने त्या निकालाबद्दलच शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले आहे. तिथे काही बदलले तर राज्यातल्या जागा वाढतील आणि परताव्याचा बोजाही. त्याची तजवीज आत्ताच व्हायला हवी.

राहिला नववीचा प्रश्न. कायदा आठवीपर्यंतच आहे. २०१२ च्या सुमारास या योजनेतून पहिलीत आलेली मुले २०२० मध्ये आठवी पार करून बाहेर पडली आणि तेव्हापासून दरवर्षी एक तुकडी या उंबऱ्याशी येते. आठ वर्षे मोफत शिकलेल्या मुलाच्या हाती निकालपत्राबरोबर पूर्ण फीची पावती येते. इंग्रजी माध्यमातून मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत नववीला जाणे म्हणजे दहावी दोन वर्षांवर आलेली असताना गणित आणि विज्ञानाची परिभाषा नव्याने शिकणे. प्रवेशाच्या वेळी पालकाला दिल्या जाणाऱ्या सूचनापत्रात ‘हा लाभ आठवीपर्यंतच आहे’ हे वाक्य ठळक अक्षरांत, मराठीत आणि पहिल्याच पानावर असावे. पुढची दोन वर्षे राज्याने स्वतःच्या निधीतून द्यायची की नाहीत, हे विधिमंडळात ठरवावे. त्यासाठीही आधी लागणार आहे तो दरडोई खर्चाचा ताजा आकडा, अंश आणि छेदासकट.

आपला,
एक निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी, सातारा