ताई, त्या हिरव्या ठिपक्यासाठी मनापासून थँक्यू

ताई,

कधीपासून लिहायचं लिहायचं म्हणतेय, आज बाळ दुपारचं जरा जास्त झोपलंय म्हणून लिहितेच.

बाळाची शी पांढरट, अगदी खडूसारखी व्हायला लागली तेव्हा सगळे म्हणाले साधी कावीळ आहे, कोवळ्या उन्हात धरा, जाईल. मग बिलिअरी अट्रेझिया हे नाव कळलं, यकृतातून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्याच बंद झालेल्या, आणि ५६व्या दिवशी पित्ताला वाट करून देणारं कासाई ऑपरेशन झालं. घरात मात्र एकच प्रश्न, पोटुशी असताना खाल्लंस काय? पपई खाल्लीस का? मीसुद्धा रात्र रात्र तेच आठवत बसायचे.

तुमची माझी ओळख ना पाळख, मावसबहिणीची मैत्रीण एवढंच, तरी तुम्ही लॅबमध्ये बोलावलंत. मायक्रोस्कोपखाली झेब्राफिश या छोट्या माशाचं ५ दिवसांचं पिल्लू, काचेसारखं आरपार, त्याला चमकणारं फॅट खायला दिलेलं आणि ते पचून पित्ताशयात साठलेलं, हिरवागार ठिपका! नळी बंद झाली की हा ठिपका दिसतच नाही म्हणालात, तेव्हा पहिल्यांदा मला बाळाचा आजार खरा समजला.

मग मेंढ्यांचं सांगितलंत. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये १९६४, १९८८ आणि २००७ला दुष्काळात धरणाचं पाणी आटलं, उघड्या पडलेल्या जमिनीवरचं डिस्फेनिया नावाचं तण गाभण मेंढ्यांनी खाल्लं आणि कोकरांना हाच आजार झाला. त्या तणातलं नेमकं विष कुठलं हे शोधायला त्याचे वेगवेगळे अर्क काढून अशाच माशाच्या पिल्लांना देऊन बघितले, ज्याने पित्ताशय बिघडलं तो पुन्हा वेगळा करत करत शेवटी बिलियाट्रेसोन सापडलं, २०१५ला ते छापून आलं. हे ऐकून मी रडायलाच लागले, म्हणजे मीच काहीतरी खाल्लं ना?

तुम्ही खोटा धीर दिला नाहीत. म्हणालात, ते तण माणसं खात नाहीत, आणि माणसाच्या बाळांना हे का होतं ते अजून नक्की कोणालाच माहीत नाही, जे जगात कोणाला माहीत नाही त्याचा दोष तुझ्यावर कोण कसा टाकेल? ताई, त्या रात्री मी किती दिवसांनी झोपले.

तुम्ही मोबाईलवर काढून दिलेला व्हिडिओ सासूबाईंना दाखवला. त्यांनी दोनदा बघितला, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः पपई चिरून माझ्यासमोर आणून ठेवली.

तुमची,
बाळाची आई