आबा, हरणीला गहू बाधला नाही

ती. आबा आणि आईस,
सा. नमस्कार.

फोनवर आबांना नीट ऐकू येत नाही आणि आई दोन वाक्यांनंतर डोळ्याला पदर लावते, म्हणून लिहिते आहे. दादाच्या मोबाईलवर पाठवते. दादा, रात्री जेवणं झाल्यावर वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस.

आबा, आई सांगत होती की भेटायला येईल त्याला तुम्ही एकच सांगताय: त्या दिवशी चंदीत ओंजळभर गहू जास्त पडला, तोच आपल्या हरणी घोडीला बाधला आणि ती गेली. तो गहू आधी डोक्यातून काढा. मी दादाला खोदून खोदून विचारलंय. दुपारपर्यंत घोडी चांगली होती. मग एकाएकी पुढच्या पायानं माती उकरायला लागली, कुशीकडे वळून वळून बघायला लागली, लोळायला लागली. अंग घामानं निथळत होतं. डॉक्टरांनी कळ थांबायचं इंजेक्शन दिलं, ते अर्धा तासही टिकलं नाही. हिरड्या आधी लालभडक, नंतर जांभळट. पोटाला कान लावला तर गुडगुड अजिबात नाही. नाडी 80च्या वर. धडधाकट घोड्याची उभ्या जागी 28 ते 44 असते.

ओंजळभर गव्हानं असं होत नाही. पोतं फोडून खाल्लं असतं तर गोष्ट वेगळी होती.

हरणीनं विशी ओलांडली होती. त्या वयाच्या घोड्यांच्या पोटात, आतडी ज्या पातळ पडद्याला लटकलेली असतात, त्यावर चरबीच्या गाठी धरतात. वर्षानुवर्षं त्यांचा काही त्रास नसतो. गाठ जड होते, तिचा देठ लांबत जातो आणि एखाद्या दिवशी तो देठच आतड्याला वेढा घालतो. फास बसला की रक्त थांबतं. बाहेरून काही दिसत नाही, हाताला काही लागत नाही, चंदी कमी-जास्त केल्यानं ते टळतही नाही. हरणीचं पोट उघडून कुणी पाहिलं नाही, तेव्हा मी शपथेवर सांगणार नाही. पण इथे इंग्लंडात, पागेत काम करताना, म्हाताऱ्या घोड्यांची जी दुखणी मी पाहिली, त्यांच्याशी हे तंतोतंत जुळतं. आई म्हणाली, एक उलटी झाली असती तर मोकळी झाली असती. आई, घोड्याला उलटी होतच नाही. खाल्लेलं आत जातं, परत वर येत नाही.

आता जो प्रश्न तुम्ही विचारणार नाही, पण मनात असेल, त्याचं उत्तर देते. हरणी इथे न्यूमार्केटला असती तर वाचली असती का? घोड्यांची इस्पितळं इथे हाकेच्या अंतरावर आहेत. भूल दिलेल्या घोड्याचे चारही पाय बांधून त्याला यारीनं उचलतात आणि गादीच्या टेबलावर उताणा ठेवतात. पोट फाडून सडलेलं आतडं काढतात, उरलेलं जोडतात. खर्च हजारो पाउंडांत, आणि एवढं करूनही सगळे घोडे उठत नाहीत. तिच्या वयाची घोडी म्हटल्यावर कित्येक मालक ऑपरेशनला नाहीच म्हणतात. मग डॉक्टर येतो, मानेच्या शिरेत सुई देतो, घोडी गुडघ्यात दुमडते. मागच्या हिवाळ्यात अशाच एका म्हाताऱ्या घोडीची मोहरकी माझ्या हातात होती. मालक फोनवर होता. हरणीपाशी तुम्ही होतात. तिचं डोकं तुमच्या मांडीवर होतं, असं दादा म्हणाला.

इथलं गाव मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. शर्यतीचे तीनेक हजार घोडे या एका गावात शिकतात. सकाळी आम्ही रांगेनं घोडे घेऊन निघतो तेव्हा गाड्या मुकाट्यानं थांबतात, कुणी हॉर्न वाजवत नाही. रस्ता ओलांडायचं बटण घोड्यावर बसल्या बसल्या हाताला येईल इतक्या उंचीवर बसवलेलं असतं. आबा, आपल्या राजगुरुनगरच्या चौकात हे सांगून बघा! आणि इथल्या सगळ्या शर्यतीच्या घोड्यांचा वाढदिवस एकाच दिवशी, 1 जानेवारीला. शिंगरू मार्चमध्ये जन्मू दे नाहीतर मेमध्ये, नवीन वर्ष लागलं की त्याचं वय एकानं वाढलं. लिलाव अजून गिनीत पुकारतात. गिनी चलनातून जाऊन जमाना झाला, तरी बोली गिनीची आणि हिशेब 1 पाउंड 5 पेन्सचा. सारंगखेड्याच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करणारे व्यापारी आठवले. घोडा विकणारा माणूस जगात कुठेही सरळ भाव सांगत नाही.

या लोकांचं मला पटतं ते असं की कुणी नियम मोडला तर त्याला धरतात. सपाट शर्यतीत चाबूक 6 वेळा, अडथळ्यांच्या शर्यतीत 7 वेळा. त्यापुढे गेला की जॉकी काही दिवस घरी. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीच्या घाटात बैलाला बॅटरीचा करंट देणारे होते, शेपटी पिरगाळणारे होते, ते तुम्हीही पाहिलंय आणि त्यांच्याशी भांडलाही आहात. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या तेव्हा सगळं गाव कोर्टाला शिव्या देत होतं. मला तेव्हाही वाटायचं, आणि आता जास्तच वाटतं, की ती वेळ आपणच आणली होती.

पण त्या बंदीत तुम्ही जे केलंत, ते कुठल्या बातमीत आलं नाही. बैलांचं सगळे बोलले, कांड्यापुढे, म्हणजे गाड्याच्या बैलांपुढे, पळणाऱ्या घोड्यांचं कुणी बोललं नाही. बारी, म्हणजे घाटातली धाव, नाही तर घोडी काय कामाची, म्हणून आजूबाजूच्यांनी घोड्या वरातीवाल्यांना दिल्या, काहींनी व्यापाऱ्याला, जो मिळेल त्या भावानं. तुम्ही हरणीला ठेवलंत. डिसेंबर 2021 मध्ये अटी घालून परवानगी मिळाली, तोवर ती घाटात पळायच्या वयाची राहिली नव्हती. एक रुपया न कमावणाऱ्या जनावराला रोज खरारा, दसऱ्याला गुलाल आणि पुरणाचा घास. मी इथे लाखो पाउंडांची जनावरं पाहते. शर्यतीतून उतरल्यावर त्यातल्या काहींना चांगलं घर मिळतं, काहींचं पुढे काय झालं ते आम्हाला कळतही नाही.

आई, मी दहावीत असताना निमगावच्या खंडोबाच्या यात्रेत हरणीवर बसले होते आणि तू चार दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. 'पोरगी घोडीवर, आता हिला कोण करणार' असं आत्या म्हणाली होती. इथे आमच्या पागेत निम्म्या पोरीच आहेत, आत्याला सांग. आणि लग्नाचं बोलायला ही चिठ्ठी नाही, हेही सांग.

आता हरणीच्या लेकीचं, मैनेचं. आबा, तिला वरातीच्या घोडेवाल्याला देऊन टाकायची म्हणताय असं कळलं. देऊ नका. निदान दिवाळीपर्यंत तरी नको. हरणी गेल्यापासून ती खिंकाळते, चंदी अर्धी टाकते, ते साहजिक आहे. घोडा कळपातलं जनावर, एकटं राहिलं की बिथरतं. इथे बुजऱ्या घोड्यांच्या सोबतीला बकरी ठेवतात, खरंच. आपल्या दोन शेळ्यांतली काळी तिच्या दावणीशेजारी बांधा. आई, ती तुझी आवडती आहे हे माहीत आहे, पण बांध.

तुमच्या गुडघ्यांना आता पागेतलं काम झेपत नाही, हे मला कळतं. तुम्ही ते कबूल करणार नाही, म्हणून मीच लिहिते. वस्तीवरची ती पोरगी, जी यंदा घाटात घोडी घेऊन उतरली होती, तिच्या वडिलांशी दादानं बोलावं. मैना वाट्यानं त्यांच्याकडे राहू द्या. खाणं-पिणं निम्मं माझ्याकडे, बारीला नेलं तर बक्षीस त्यांचं. एकच अट, तिच्या अंगावर काठी उठायची नाही. पोरीचा हात हलका आहे, मी व्हिडिओ पाहिला. लगाम तोंडात ओढत नाही, बोटांनी बोलते.

दादा, नालबंदाला या आठवड्यातच बोलव, मैनेचे खूर वाढलेत, फोटोत दिसतंय. दाढा घासून घ्यायच्या राहिल्यात आणि धनुर्वाताची सुई कधी दिली ते वहीत बघ. हरणीची वही तशीच राहू दे, मैनेसाठी नवीन कर. पैसे तुझ्या खात्यावर टाकलेत. आणि आबांना गव्हाबद्दल परत कुणी काही बोललं तर त्याला माझा नंबर दे.

तुमची,
धाकटी