स्मरणशक्तीच्या चर्चेत कानही हवेत

वार्धक्य आणि मेंदूच्या आरोग्यावरील आपल्या पुरवणीतील लेख वाचला. शब्दकोडी, अक्रोड, योगासने सारे आले; श्रवणशक्ती मात्र राहून गेली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार, धोका वाढवणाऱ्या १४ घटकांवर वेळीच उपाय केल्यास डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता येतील किंवा आजार लांबवता येईल. मध्यम वयात ऐकू कमी येणे हा त्यांतील एक मोठा घटक. ऐकू येईनासे झाले की माणूस बोलणे टाळतो, घरातच एकटा पडतो. चष्मा बिनदिक्कत लावणारे आपण श्रवणयंत्राला लाजतो, हे खरोखर क्लेशदायक आहे. महापालिकेने रंकाळा तलावावर फिरायला येणाऱ्यांसाठी श्रवणतपासणीची शिबिरे घ्यावीत, आणि तीही साठीची वाट न पाहता चाळिशीपासून.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर