तुझा सेव्ह कुठे गेला ते कळलं

इचलकरंजी,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय निख्या,

सप्रेम नमस्कार.

काल पहाटे पावणेचारला ‘निअर ऑटोमाटा’ हा गेम संपला. ए, बी, सी, डी आणि ई, पाचही मुख्य एंडिंग झाले. तुला तेव्हाच फोन लावणार होतो, पण काय बोलायचं तेच सुचेना. आज दिवसभर दुकानात सुताच्या गाठी मोजताना मनात तेच चाललं होतं, म्हणून रात्री कागद घेऊन बसलो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहीत नाही याला कारण आहे. माझा फोन अर्धा दिवस पूर्वाच्या हातात असतो. दादाची ही पोर आता अकरावीला आहे आणि माझ्यानंतर हाच गेम खेळायचा म्हणून हट्ट धरून बसली आहे. तिच्या कानावर यातला एक शब्दही जाऊ द्यायचा नाही.

2018 ची ती सकाळ तुला आठवते का? कोथरूडची खोली, तू रात्रभर जागा, डोळे लाल. मी उठलो तेव्हा टीव्हीवर गेमचा पहिला स्क्रीन होता आणि आत एकही सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, नव्हता. नव्वदेक तासांचा खेळ होता तुझा, रोज रात्री मी शेजारच्या गादीवर पडून त्याचे आवाज ऐकायचो. मी विचारलं, “अरे, सेव्ह कुठं गेला?” तू म्हणालास, “दिला.” “कुणाला?” तर म्हणालास, “माहीत नाही,” आणि भिंतीकडे तोंड करून झोपलास. मला वाटलं, झोपेत बडबडतोय. डेटा उडाला असेल आणि तुला त्याचं वाईट वाटत असेल, असं समजून मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग खोली सोडताना तू डिस्क मला दिलीस. आत वहीच्या कागदाची चिठ्ठी होती: “नावं वर सरकायला लागली की उठू नकोस. पुढे खेळ. कुणाला काही विचारू नकोस.” त्यापलीकडे इतक्या वर्षांत तू एक अक्षर बोलला नाहीस.

तेवढं पाळणंही सोपं नव्हतं. सेकंडहँड पीएस4 घ्यायलाच मला दोन दिवाळ्या गेल्या. त्यात 2023 ला याच गेमचा अ‍ॅनिमे आला आणि जिकडेतिकडे त्याचे तुकडे फिरायला लागले. केइची ओकाबेचं संगीत ऐकावंसं वाटायचं, पण यूट्यूबवर गाणं लावलं की शेजारी शेवटाचेच व्हिडिओ, थंबनेलवर कुणाचा तरी रडवेला चेहरा. मग मी फोन पालथा ठेवून नुसतं ऐकायला लागलो. एकदा मिरजेच्या एसटीत दोन पोरं मागच्या सीटवर याच गेमबद्दल बोलायला लागली, तर मी उठून ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभा राहिलो, जयसिंगपूर येईपर्यंत.

सगळेच स्पॉयलर सारखे नसतात, हेही आता कळलं. एकूण सव्वीस एंडिंग आहेत, ए ते झेड, आणि त्यातले बरेचसे बारके. बांगडा खाल्ला की मरण, तो के. सुरुवातीच्या कारखान्यातच मेलो तर डब्ल्यू. आपल्याच अंगातली मुख्य चिप काढून टाकली तर टी. असलं काही आधी कळलं तरी बिघडत नाही, उलट करून बघावंसं वाटतं. पण जो शेवट गाठेपर्यंत तू काय काय केलंस यावर उभा असतो, तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की हाती नुसती बातमी राहते.

तो कारखाना मी चारदा खेळलो. तिथे सेव्हच करता येत नाही ना, पहिला मोठा बॉस पाडेपर्यंत. आमच्याकडे लाईट जाते ते आधी कानाला कळतं. रात्रभर गल्लीत मागांची खटखट चालू असते, हेडफोन लावला तरी पायाला जमीन थरथरताना जाणवते. ती एकदम थांबली की समजायचं, लाईट गेली. एका क्षणात सगळी गल्ली गप्प आणि माझा टीव्ही काळा. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा मीच मेलो. चौथ्यांदा वर अवकाशातल्या बंकरात, म्हणजे आपल्या तळावर, पोचलो आणि पहिल्यांदा सेव्ह केलं, तेव्हा इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

पहिलं एंडिंग झालं, बनवणाऱ्यांची नावं सरकली, आणि तुझी चिठ्ठी नसती तर मी खरंच डिस्क काढून ठेवली असती. पुढे चालू केलं तर एक लहानसं यंत्र. हातात तेलाची बादली, डुगडुगत चाललेलं. भाऊ निपचित पडलाय, त्याच्यावर तेल ओतलं की तो उठेल अशी त्याची समजूत. वाटेत धडपडतं, तेल सांडतं, पुन्हा बादली भरून आणतं. आणि ते आपल्याच हातांनी चालवायचं, निख्या. तीस तास ज्यांना दिसेल तिथे कापत आलो, त्यांच्यातलंच एक. मी कंट्रोलर खाली ठेवून पाणी पिऊन आलो.

दुसरी फेरी म्हणजे टूबी या नायिकेऐवजी तिचा जोडीदार नाइनएस होऊन तीच गोष्ट पुन्हा. खरं सांगतो, मधले आठ-दहा तास जड गेले. तेच वाळवंट, तीच मोडकी शहरं, संवादही बरेचसे तेच, दुसऱ्या तलवारीच्या जागी हॅकिंग. पण मग आली ती नाटकगृहातली गाणारी. पहिल्या वेळी मी तिला राक्षसीण म्हणूनच मारली होती. अंगावर अँड्रॉइडांची, म्हणजे आपल्यासारख्या माणसाच्या रूपातल्या यंत्रांची, प्रेतं दागिन्यासारखी लावलेली, किंचाळणारी, दुसरं काय वाटणार? या वेळी लढाईच्या मधेच तिच्या आठवणी समोर यायला लागल्या. कुणीतरी एक होता, त्यानं आपल्याकडे एकदा बघावं एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी सुंदर व्हायचं, म्हणून हे सगळं गोळा केलेलं. त्यानं वळून पाहिलंच नाही. बॉस तोच, चाली त्याच, माझे हातही सरावाने आपोआप चालत होते आणि मला तिला मारवेना. गोष्ट पुढे जावी म्हणून मारली. घरात आई दरवर्षी तोच ग्रंथ पारायणाला का घेते, हे मी तिला लहानपणी विचारायचो. त्या रात्री तो प्रश्न आठवला.

हे कुणी आधी सांगितलं असतं, तर पहिल्याच फेरीत मी तिच्याकडे दयेनं बघितलं असतं, आणि मग ही चूक माझी झालीच नसती. तू मला चुकू दिलंस. त्याबद्दल तुझे किती आभार मानू?

तिसऱ्या फेरीबद्दल लिहीत नाही. तू जागला आहेस त्या रात्री, तुला ठाऊक आहे. शेवटी एटू ही दुसरी अँड्रॉइड की नाइनएस, कुणाच्या बाजूने लढायचं हे ठरवायला मी वीस मिनिटं नुसता बसून होतो. दोन्ही बाजू बघितल्या, सी आणि डी.

आणि मग ती नावं. बनवणाऱ्यांची नावं वरून गोळ्या झाडत येतात आणि आपण एक इवलंसं विमान. मेलो. विचारतात, हार मानतोस का? नाही. पुन्हा मेलो. हे सगळं निरर्थक आहे असं वाटतं का? नाही. किती वेळा मेलो मोजलं नाही, अंगठा सुजला. मागे कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांचे धीराचे शब्द दिसायला लागले. मग विचारलं, मदत आलीय, घेणार का? हो म्हटलं आणि माझ्या भोवती सहा-सात विमानं गोळा झाली. एकट्या आवाजातलं गाणं एकदम समूहाचं झालं. आणि त्यातल्या एकाला गोळी लागली की खाली नाव येई, अमक्याचा डेटा नष्ट झाला.

तिथे मला कळलं. “दिला.” “कुणाला?” “माहीत नाही.”

निख्या, त्यानंतर मी गोळ्या झाडणं जवळजवळ सोडून नावंच वाचत होतो. तुझा आयडी मला पाठ आहे. एक जपानी अक्षरांतलं नाव गेलं, एक नुसते आकडे असलेलं, एक अरबी असावं. तुझं नाव दिसलं नाही. दिसण्याची शक्यता किती कमी, हे मलाही समजतं. तरी शेवटचं नाव जाईपर्यंत बघत होतो.

मग पॉडनं, खेळभर सोबत असलेल्या त्या उडत्या यंत्रानं, मला विचारलं. अनोळखी कुणाला मदत करायची तर तुझा सगळा सेव्ह जाईल, चालेल? ज्याला मदत होईल तो तुला मुळीच न आवडणारा माणूस असू शकतो, चालेल? आभार कुणी मानणार नाही, चालेल? दिग्दर्शक योको तारोनं 2010 च्या पहिल्या ‘निअर’मध्येही सेव्ह पुसायला लावला होता म्हणे, हे आज सकाळी शोधलं, आता शोधायला मोकळा झालो म्हणून. पण तिथे तो गोष्टीतल्या एका जिवासाठी द्यायचा असतो. इथे खऱ्या, कुठेतरी खोलीत बसलेल्या माणसासाठी.

मी लगेच हो म्हणालो नाही. एकशे चार तास होते माझे. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळच्या रात्री त्यात होत्या, हॉस्पिटलातून येऊन झोप लागत नसे तेव्हा मी त्या वाळवंटात नुसता फिरायचो, मासे धरायचो. ते सगळं द्यायचं? आणि मग वाटलं, त्या सकाळी तुझंही असंच काहीतरी त्यात होतं, ज्याबद्दल मी कधी विचारलं नाही. काय होतं रे? सांगावंसं वाटलं तर सांग.

हो म्हटलं. नकाशा गेला, शस्त्रं गेली, गोळा केलेल्या आठवणी, एकेक पान समोर रिकामं होत गेलं. बाहेर माग चालू होते. लाईट गेली नाही.

आता एक परवानगी हवी आहे. डिस्क तुझी आहे. पूर्वाला देऊ का? बारावीच्या आधीच्या सुट्टीत सुरू करेल. चिठ्ठी आतच ठेवली आहे, माझं त्यात काही जोडलेलं नाही. आणि पुढच्या महिन्यात तू आलास की तिच्यासमोर या गेमचा विषय काढू नकोस. आपण दोघं पंचगंगेवर जाऊन बोलू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
सच्या