ऑक्सिजन सेन्सरचे चुकीचे निदान आणि तारेच्या ब्रशने केलेली सफाई : तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

चेक इंजिनचा दिवा लागल्यामुळे गाडी आपल्या कुर्ल्याच्या वर्कशॉपमध्ये दिली होती. बिलात ‘ऑक्सिजन सेन्सर क्लीनिंग’ (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरची सफाई) लावले गेले. दिवा पुन्हा लागला, आणि आता एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा कॅटालिटिक कन्व्हर्टर आणि त्याच्या पुढचा व मागचा असे दोन्ही सेन्सर बदलण्याचे एस्टिमेट हातात दिले आहे. ते मान्य नाही. कारणे आपल्याच दोन स्कॅन प्रिंटआउटमध्ये आहेत. दोन्हींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

पहिल्या प्रिंटआउटवर कोड एकच आहे : पी०१३५, म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटर सर्किटमधला बिघाड. त्याच कागदावर, इंजिन तापलेले असताना २,५०० आरपीएमला, पुढच्या सेन्सरचा सिग्नल ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान भराभर खालीवर होताना दिसतो. चांगला झिर्कोनिया (सिरॅमिकच्या टोकाचा) सेन्सर असाच चालतो. काजळी बसली असती तर तो सुस्तावला असता आणि पी०१३३ (संथ प्रतिसादाचा कोड) आला असता. तो आलेला नाही. मग साफ काय केले?

हीटरची तक्रार सफाईने जात नाही. सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापला तरच नीट वाचतो. हायवेवर एक्झॉस्टच्या उष्णतेवर भागते. एलबीएस मार्गावरच्या ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्या गाडीला हीटरच लागतो. तो तपासणे अवघड नाही. कनेक्टर सोडवून एकाच रंगाच्या दोन वायरींच्या (बहुतेकदा पांढऱ्या) पिनांवर मल्टिमीटर लावायचा. मोजके ओहम दाखवले तर हीटर शाबूत, ओपन दाखवले तर जळालेला. मग इंजिन चालू ठेवून हार्नेसच्या (गाडीच्या वायरिंगच्या) बाजूला १२ व्होल्ट येतात का ते पाहायचे. जॉब कार्डवर यातले एकही मोजमाप नाही.

बाहेर तपासून घेतल्यावर हीटर ६ ओहम निघाला, हार्नेसकडून मात्र काहीच येत नव्हते. कनेक्टरचे रबरी सील फाटलेले आणि सप्लायच्या पिनेवर हिरवा गंज. मुंबईत पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीत फ्यूजनंतर पाहायची जागा हीच.

खरे नुकसान त्यानंतरचे आहे. सेन्सरच्या टोकावरच्या धातूच्या टोपीवर घासल्याचे ओरखडे आहेत, आणि तिच्या एका भोकात ब्रशच्या तारेचा तुकडा अजून अडकलेला आहे. आत सिरॅमिक असते; ठोकाठोकीने त्याला तडा जातो आणि कार्ब क्लीनर (सफाईचा स्प्रे) आत मुरतो. दुसऱ्या प्रिंटआउटमध्ये त्याच आरपीएमला सिग्नल ०.४५ व्होल्टवर खिळलेला आहे. तो आकडा ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) स्वतः दिलेला असतो; सेन्सर गप्प झाला आहे. आपल्याकडे आला तेव्हा तो बोलत होता.

मुळात ही सफाई दरपत्रकात असावीच का? काजळी असेल तर मिश्रण जास्त रिच (इंधन जास्त) का आहे ते शोधून दुरुस्त केले की ती तापलेल्या सेन्सरवर आपोआप जळते. सिलिकॉन सीलंटचा पांढरा थर असेल तर तो कशानेच निघत नाही, सेन्सर बदलावा लागतो.

कॅटालिटिक कन्व्हर्टरबद्दल : पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड) दोन्ही कागदांवर नाही. पहिल्या प्रिंटआउटमध्ये मागचा सेन्सर ०.७ व्होल्टच्या आसपास स्थिर आहे. कन्व्हर्टर निकामी असता तर हा सेन्सरही पुढच्यासारखा नाचला असता. मागचा सेन्सर बदलायलाही काही कारण दिसत नाही.

म्हणून क्लीनिंगची रक्कम परत करावी आणि याच मॉडेलच्या पार्ट नंबरचा नवा पुढचा सेन्सर विनामूल्य बसवावा. बसवताना खाचेचा २२ मिमी सॉकेट आणि टॉर्क रेंच वापरावा. अँटीसीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायची पेस्ट) आधीच लावलेले नसेल तर फक्त आट्यांवर लावावे, टोकाला नको. जुना सेन्सर परत हवा आहे. कनेक्टरची पिन आणि सील बदलण्याचा रास्त खर्च द्यायला हरकत नाही, तो दोष वर्कशॉपचा नव्हता. काम झाल्यावर हीटरचे व्होल्टेज आणि दोन्ही सेन्सरचे लाइव्ह रीडिंग जॉब कार्डवर लिहून द्यावे.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली जाईल.

आपला,
एक ग्राहक

सोबत : दोन्ही स्कॅन प्रिंटआउट, बिल, एस्टिमेट, सेन्सरच्या टोकाचे व कनेक्टरचे फोटो